बावीस नंबरचा दगड

पारा शून्याच्या पार खाली गेलेला असताना, सकाळी सात वाजता, ओढ्यात मांड्यांपर्यंत उभं राहून समाधानाने हसणारा मराठी माणूस अख्ख्या जगात एकच आहे आणि तो आमच्यापासून तीन घरं सोडून राहतो. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण असा दुसरा कुणी असता तर एव्हाना दोघांची गाठ पडली असती आणि आम्ही शेजारी घरं विकून पळालो असतो. अमेरिकेतल्या या ॲन आर्बरमधली झाडून सगळी मराठी मंडळी त्यांना बर्फवाले काका म्हणतात. त्यांचं खरं नाव मी आठ वर्षांत एकदाच वाचलं, तेही त्यांचं पत्र चुकून आमच्या मेलबॉक्समध्ये पडलं म्हणून. काका नागपूरकडचे. मे महिन्यात जिथे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथे जन्मलेल्या माणसाला बर्फाचं हे वेड कुठून लागलं, असं मी एकदा त्यांना विचारलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "काहून? उन्हाचं लागायला पाहिजे होतं काय?"

शिष्यवृत्तीवर इथे आले, थंड मुलखातल्या नद्यांवर पीएच.डी. केली, सरकारी पाणी खात्यात तीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झाले. निवृत्त झाले म्हणजे काय, तर पूर्वी पगार घेऊन ओढ्यात उभे राहत, आता फुकट उभे राहतात. डोक्याला माकडटोपी, छातीपर्यंत येणारी रबरी विजार, गळ्यात दोरीने बांधलेली वही. काकू शहाण्या आहेत. त्या दर नोव्हेंबरला बॅग भरून मुलीकडे वाळवंटातल्या चँडलरला जातात आणि मार्च संपल्यावर परत येतात. मुलगी दर आठवड्याला फोनवर, बाबा प्लीज, तुम्हीपण या, म्हणून मागे लागते. काका एकदा गेलेसुद्धा. चार दिवसांत परत आले. का, तर तिथल्या नदीत पाणी नव्हतं, आणि पाणीच नाही तर गोठणार काय, हा त्यांचा सवाल.

काकांच्या मते बर्फाबद्दल जगाचा मोठाच गैरसमज आहे. आपल्याला वाटतं, बर्फ म्हणजे पाण्यावरचं झाकण. काका म्हणतात, खरा कामकरी बर्फ तळाशी बसतो. आभाळ स्वच्छ असलं, कडाक्याची थंडी पडली आणि पाणी खळखळतं असलं, की पाण्यात बर्फाचे बारीक चिकट कण तयार होतात आणि तळाच्या दगडगोट्यांना लगडतात. सकाळी ऊन चढलं की हा बर्फ सुटतो आणि वर येतो, येताना दगडालाही उचलून आणतो. दगड तरंगत तरंगत पुढे जातो आणि बर्फ विरघळला की जिथे असेल तिथे बसकण मारतो. "पुराने नदी बदलते हे कोणीही सांगते," काका म्हणतात. "पण सारे घरात हीटर लावून झोपले असतात तवा ओढा आपलं घर बदलून राहिला असते, ते कोण पाहते?" हे ऐकून आपण फक्त मान डोलवायची असते. चुकून एखादा प्रश्न विचारला की संपलं.

एका चतुर्थीला मी ती चूक केली. काका पाना मागायला आले होते, आणि मी सहज विचारलं की बर्फामुळे ओढा वाट कशी बदलतो. त्यांनी ओट्यावर नजर फिरवली. माझा भिजवलेला साबुदाणा दिसला, मळून ठेवलेली कणीक दिसली. पुढच्या पाच मिनिटांत माझ्या परातीत कणकेचे दोन काठ उभे राहिले, मधे एक झोकदार वळण आलं आणि परात तिरकी करून त्यांनी वरून साबुदाणा आणि पाणी सोडलं. साबुदाणा वळणावर जाऊन बरोब्बर अडकला. मागून आलेला त्याच्यावर चढला. पाणी तुंबलं, काठावर चढलं, कणीक खरवडत बाहेर पडलं आणि ओढ्याने खरोखरच नवा मार्ग काढला, तो ओट्यावरून थेट माझ्या पायांवर. "पाहिलं?" काका म्हणाले. पाहिलं, न पाहून सांगते कुणाला. त्या दिवशी मी उकडलेल्या बटाट्यावर उपास काढला, आणि काका पाना न्यायचा विसरून गेले.

हॉटेलात ते पाण्यात बर्फ घालू देत नाहीत. बर्फाला बाहेर काम असतं, त्याला पेल्यात डांबून काय करायचं, असं ते वेट्रेसला इंग्रजीत समजावतात. आणि पाण्याजवळ कुठेही गेलं की ते माणसांआधी झाडांना भेटतात. वसंतात फुटलेला बर्फ लोंढ्याने खाली येतो तेव्हा काठावरच्या झाडांची साल खरवडून काढतो, आणि तो ओरखडा नेहमी प्रवाहाच्या उगमाकडल्या अंगाला असतो. ओरखडा किती उंच, त्यावरून बर्फ कुठवर चढला होता ते कळतं. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने हौसेने ओढ्याकाठी घर घेतलं आणि वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं. सगळे जिलबीवर होते, तेव्हा काका मागच्या अंगणात मेपलच्या खोडावरून हात फिरवत होते. आत आले, रुमालाने हात पुसले आणि भर पंगतीत सांगितलं की जुना एक ओरखडा आहे, त्या हिशोबाने बर्फ जिलबीच्या टेबलापर्यंत आला असणार. यजमानीणबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. बरं, यात काकांचा कुजकेपणा अजिबात नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं, की ही बातमी ऐकून घरमालक खूश होतील.

पण या सगळ्याच्या वर त्यांचे दगड. आमच्या घरांमागे पार्क आहे, पार्कातून ओढा वाहतो, आणि त्या ओढ्यात काकांचे चाळीस दगड आहेत. काही मुठीएवढे, काही नारळाएवढे. पाण्याखाली दिसावेत म्हणून भडक नारिंगी रंगवलेले, आणि प्रत्येकावर देवनागरीत नंबर. देवनागरी का, तर कुत्री फिरवायला येणाऱ्या लोकांना वाचता येऊ नये आणि त्यांनी दगडांची चौकशी करू नये. दर वर्षी हिवाळ्याआधी कुठला दगड कुठे आहे ते काका वहीत मांडतात, आणि बर्फ गेल्यावर एप्रिलच्या शेवटी पुन्हा मांडतात. असे अठरा हिवाळे. नियम एकच: दगडाला हात लावायचा नाही, काहीही झालं तरी नाही. गाळात रुतला असो, काठावर पडला असो, जिथे बर्फाने ठेवला तिथेच तो राहणार.

त्यात आमच्या गावाने पार्कात पादचारी पूल बांधायचं काढलं, आणि तो नेमका ओढ्याच्या वळणावर. चित्र फार सुरेख होतं. काकांनी ते पाहिलं आणि त्या रात्री जेवले नाहीत, असं काकूंनी मला सांगितलं. ते वळण म्हणजे बर्फ तुंबायची हक्काची जागा. एखाद्या कडक हिवाळ्यानंतर बर्फ तिथे अडला, की पुलाचा पाया तरी खरवडला जाणार, नाहीतर ओढा पुलाला वळसा घालून पलीकडल्या मुलांच्या मैदानातून वाट काढणार. पूल दोनशे पावलं वर, ओढा सरळ आहे तिथे बांधा, एवढंच त्यांचं म्हणणं. तीन वर्षं ते पत्रं लिहीत होते आणि तीन वर्षं त्यांना आभाराची उत्तरं येत होती. शेवटी मे महिन्यात गावाची खुली सुनावणी ठरली. तिथे कुणालाही उभं राहून बोलता येतं, मिळतात तीन मिनिटं. काका मला म्हणाले, "मी चाळीस वर्षं बर्फाचं ऐकून राहिलो. आता माझं कोणीतरी तीन मिनिटं ऐकावं, इतकंच." इतक्या हळू आवाजात ते कधी बोलत नाहीत.

आणि सुनावणीच्या तोंडावर काकांना पुरावा सापडला. बावीस नंबरचा दगड, नारळाएवढा, वळणाजवळच्या विलोच्या बुंध्याशी, पाण्यापासून चांगला पुरुषभर उंच. नुसत्या पाण्याला तो तिथवर नेणं शक्य नाही, बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून काठावर घुसल्या तरच. काका नाचायचे तेवढे बाकी होते. मला पार्कातून फोन केला, दगडाभोवती पिवळी फुलं आहेत, जागा मोठी प्रसन्न आहे, खारींचा मात्र काय सुळसुळाट झाला आहे इथे, असं सगळं वर्णन केलं. मीही मनापासून आनंदले.

आता इथे माझ्या सासूबाईंना आणायला हवं. आई कराडहून एप्रिलच्या सुरुवातीला सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. सकाळी स्वेटरवर शाल, साडीखाली माझ्या नवऱ्याने घेऊन दिलेले पांढरे बूट, अशा त्या पार्कात फिरायला जात. जाताना देवघरातले चार साखरफुटाणे पदराला बांधून नेत. मला वाटे, म्हातारं माणूस आहे, वाटेत तोंडात टाकायला नेत असतील. सुनावणी मंगळवारी होती. आदल्या रविवारी मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर फिरायला गेले. आई वळणावर थांबल्या, गवतातली दोन पिवळी डँडेलायनची फुलं खुडली, विलोच्या बुंध्याशी असलेल्या नारिंगी दगडावर वाहिली, साखरफुटाणे ठेवले आणि डोळे मिटून हात जोडले. मी वाकून दगडावरचा आकडा वाचला, बावीस.

विचारलं, तर त्यांनी सगळं सरळ सांगितलं. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांना हा देव पाण्यात दिसला. शेंदूर लावलेला, वर आपल्या अक्षरात बावीस आकडा, म्हणजे इथल्याच कुणा मराठी माणसाने नवसाने बसवला असणार आणि बर्फाच्या पाण्याने तो आत गेला असणार. देव असा गारठ्यात, पायदळी येईल अशा जागी पडलाय, हे काही त्यांना बघवेना. म्हणून त्यांनी पदर खोचला, बुटांसकट पाण्यात उतरल्या आणि देवाला उचलून झाडाखाली आणून बसवलं. अमेरिकेतही आपल्या लोकांनी देव राखलाय, हे पाहून त्यांना भरून आलं होतं म्हणे. अहो आई, तो देव नाही, काकांचा प्रयोग आहे, असं मी म्हटलं आणि दगडांची, वहीची, पुलाची सगळी हकिगत सांगितली. त्या तडक घराकडे चालू लागल्या.

घरी आल्यावर माझ्या नवऱ्याने नेहमीचा मार्ग सुचवला, तो म्हणजे काहीच न करणं. जाऊ दे यार, कोण तपासायला जातंय, काकांचं म्हणणं तर खरंच आहे ना, मग एक दगड इकडेतिकडे झाला तर काय बिघडलं. खरं सांगायचं तर मलाही तेच करावंसं वाटत होतं. काकांच्या तोंडावर जाऊन त्यांचा एकुलता एक हुकमी पुरावा माझ्याच घरच्या माणसाने बसवलाय, हे सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. पण आई उठून कपाटाकडे गेल्या. चांगली इरकल नेसून आल्या. बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला. म्हणाल्या, माणसाच्या अठरा वर्षांच्या कामात मी हात घातलाय, तर सांगायलाही मीच जाणार. नवऱ्याकडे त्यांनी असं काही पाहिलं की तो उगाचच भांडी घासायला लागला.

काका जेवणाच्या टेबलावर भला मोठा नकाशा पसरून बसले होते. बावीस नंबरभोवती लाल गोल काढलेला होता, दोनदा. आई बसल्यासुद्धा नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "दादा, तुमचा बावीस नंबरचा दगड बर्फाने नाही, मी उचलला." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. काकांचा चेहरा असा उतरला की मला तो बघवेना. मग त्यांनी हळूच गळ्यातली वही उघडली आणि विचारलं, नेमका कुठून उचलला. आईंनी सांगितलं, वाकड्या फांदीच्या समोर, काठापासून तीन पावलं आत. कोणत्या दिवशी, तेही सांगितलं, कारण त्या दिवशी त्यांचा गुरुवार होता. काकांनी ते सगळं टिपलं, नकाशावरचा लाल गोल पट्टी लावून छेदला आणि बाजूला कारण लिहिलं. त्यानंतर कुठे त्यांना दुसरा प्रश्न सुचला, की पण उचलला कशासाठी.

आईंनी तेही सांगितलं. काकांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या बैठकीत बुद्धाची शांत मूर्ती आहे, बुद्धपौर्णिमेला ते आम्हा सगळ्यांच्या घरी खीर पोचवतात, पण आपल्या लहानपणाबद्दल ते तोवरच्या सहा वर्षांत माझ्याशी चकार शब्द बोलले नव्हते.

"ताई," ते म्हणाले, "आमच्या गावच्या वेशीवर असाच एक शेंदरी दगड होता. आमच्या वस्तीतल्या लोकांना त्याच्या जवळ फिरकता येत नव्हतं. मी सात वर्षांचा असताना चुकून जवळ गेलो, तर माझ्या बापाला चावडीवर माफी मागावी लागली. आणि तुम्ही माझ्या हाताने रंगवलेल्या दगडाला महिनाभर हात जोडले."

मला वाटलं, आता आई रडणार. त्या रडल्या नाहीत. लाडवांचा डबा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "जोडले ते जोडले, दादा. ते काही मी परत घेणार नाही."

काका हसायला लागले. आधी थोडंसं, मग खांदे हलेपर्यंत, मग चष्मा काढून डोळे पुसायची वेळ आली. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली, आई बसल्या, आणि दोघांनी मिळून सहा लाडू संपवले. मी तिथेच उभी होते, मला एकही मिळाला नाही.

मंगळवारी आम्ही सगळे सुनावणीला गेलो. काका कोट घालून उभे राहिले आणि आपल्या तीन मिनिटांतलं पहिलं मिनिट त्यांनी बावीस नंबरवर खर्च केलं. इंग्रजीत म्हणाले की माझे चाळीस साक्षीदार आहेत, पैकी एकाला माझ्या शेजारणीच्या सासूबाईंनी भक्तिभावाने हलवलं, म्हणून त्याची साक्ष मी मागे घेतो. अहो, दोनच मिनिटं उरलीत, ओरखड्यांचं बोला, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. अध्यक्षबाईंनी विचारलं, त्या सासूबाई इथे आहेत का. आई उठून उभ्या राहिल्या, येस म्हणाल्या आणि सभेला नमस्कार केला. सगळं सभागृह हसलं. पण त्या हसण्याने लोक खुर्चीत पुढे सरकून बसले, आणि उरलेली दोन मिनिटं काकांचं बोलणं त्यांनी खरोखर ऐकलं. एकोणचाळीस दगड, वळणावरची अकरा झाडं, प्रत्येकाचा ओरखडा किती उंच. शेवटी एका सदस्याने सांगितलं की जो माणूस स्वतःचा सगळ्यात जोरदार पुरावा स्वतः खोडायला येतो, त्याची झाडं आपण जाऊन पाहिली पाहिजेत. जूनमध्ये त्यांची माणसं आली, खोडांवर हात फिरवून गेली. पूल दोनशे पावलं वर सरकला.

या गोष्टीला आता पावणेदोन वर्षं झाली. पूल झाला, सगळे त्यावरून जातात, मीही जाते. काकांचा विजय झाला, यात शंका नाही. पण तेव्हापासून दोन्ही हिवाळे असे मिळमिळीत गेले, की ओढ्याला धड साय धरली नाही. इथल्या मराठी मंडळातले लोक चेष्टा करतात, काका, तुमचा बर्फ कुठाय हो, उगाच पूल सरकवलात. काका हसतात आणि म्हणतात, थंडी पडायचीच तेव्हा पडेल, पूल शंभर वर्षांसाठी बांधतात. त्यांना अजूनही तिळमात्र शंका नाही. मात्र रोज सकाळी ती रबरी विजार घालून ते तयार होऊन बसतात, खिडकीबाहेरच्या थर्मामीटरकडे पाहतात आणि चहा घेऊन विजार काढून ठेवतात. मी, जिने आल्यापासून इथल्या थंडीला फक्त शिव्या दिल्या, ती मी हल्ली काकांसाठी फोनवर हवामान बघते आणि आकडा वर दिसला की मला वाईट वाटतं.

आई कराडहून दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात. माझी, नातवंडांची विचारपूस झाली की फोन काकांकडे न्यायला सांगतात. परवा नेला. काका पुलाच्या कठड्याला टेकून वळणाकडे पाहत होते. आईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, दादा, बर्फ आला का. काकांनी नुसती नकारार्थी मान हलवली. कराडला गल्लीत कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. मग आई त्यांची समजूत घालायच्या सुरात म्हणाल्या, मी एप्रिलमध्ये येतेच आहे, हात काही लावणार नाही, पण तोवर आपले दगड जागेवर असतील ना?

"जागेवरच असतील, ताई," काका म्हणाले. "तेच तर वाईट आहे."